स्क्रीन बंद असताना बोट कुणाला कळतं?

फोन टेबलावर पडलेला असतो. स्क्रीन काळी, मुख्य प्रोसेसर झोपलेला. काचेवर बोटाने दोनदा टकटक केली की स्क्रीन उजळते. ही सोय २०११ च्या नोकिया एन९ मध्ये होती, २०१३ मध्ये एलजीच्या जी२ मध्ये आली आणि आता स्वस्तातल्या कितीतरी फोनमध्ये दिसते. प्रोसेसर झोपला होता, तर टकटक कळली कुणाला? आणि कुणीतरी रात्रभर जागं होतं, तर सकाळी बॅटरी जवळपास तेवढीच कशी राहिली?

टच पॅनेलबद्दलच्या लेखांमध्ये बोट कुठे टेकलं हे कसं कळतं, ते बहुतेकदा नीट सांगितलेलं असतं. बोट नसताना पॅनेल काय करतं, याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. फोनचा दिवसातला बराचसा वेळ बोटाशिवायच जातो. वीज वाचवायची ती त्या वेळात, आणि मला स्वतःला या विषयातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

प्रोसेसरने सतत विचारत राहायचं, बोट आलं का, आता आलं का, ही सगळ्यात सोपी पद्धत. तिला पोलिंग म्हणतात. दूध तापत ठेवून ओट्याशी उभं राहावं तसं हे काम आहे: दूध वर येईपर्यंत तिथून हलता येत नाही. तेच दुधाच्या कुकरमध्ये ठेवलं तर शिट्टी वाजेपर्यंत निवांत पडून राहता येतं. प्रोसेसरसाठी अशी शिट्टी म्हणजे इंटरप्ट. एक वेगळी तार असते. एरवी तिच्यावर व्होल्टेज असतं, काही घडलं की ते शून्यावर येतं आणि तेवढ्या बदलाने झोपलेला प्रोसेसर उठतो. एआरएम जातीच्या प्रोसेसरमध्ये तर ‘इंटरप्ट येईपर्यंत थांब’ अशी स्वतंत्र आज्ञाच आहे.

पण शिट्टी वाजवण्याइतकं तरी कुणाला काही कळायला हवं. ते कळण्यासाठी किती वीज लागते, हे पॅनेलच्या जातीवर ठरतं.

दाबून चालणारे पॅनेल

जुन्या पीडीएवर (खिशातल्या छोट्या संगणकांवर), कारखान्यांतल्या यंत्रांवर आणि हौशी लोकांच्या छोट्या डिस्प्लेवर रेझिस्टिव्ह पॅनेल असतं. खाली काच, वर लवचीक प्लास्टिकचा पापुद्रा, दोघांच्या आतल्या बाजूला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक आणि वीज वाहून नेणारा थर. मध्ये डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके, त्यामुळे एरवी दोन्ही थर एकमेकांना चिकटत नाहीत. बोटाने किंवा काडीने दाबलं की तेवढ्या जागी ते टेकतात.

जागा मोजायची असेल तर एका थराच्या दोन टोकांना व्होल्टेज द्यायचं आणि दुसऱ्या थराने ते टेकलेल्या जागी किती आहे ते वाचायचं. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला ३.३ व्होल्ट आणि वाचलेला आकडा १.६५, तर बोट बरोबर मध्यावर. मग थरांची अदलाबदल करून उभी जागा मोजायची. व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा १२ बिटांचा कन्व्हर्टर हा आकडा ० ते ४०९५ यांच्या दरम्यान देतो.

या मोजणीत वीज बरीच जाते. थराचा रोध काहीशे ओहमच असतो. तो ४०० ओहम धरला तर ३.३ व्होल्टला ८ मिलिअँपिअरपेक्षा थोडा जास्तच करंट वाहतो, आणि तोही पॅनेलला कुणी हात लावलेला नसताना. दिवसभर अशी मोजणी चालू ठेवणं लहान बॅटरीला परवडणारं नाही.

यावरचा उपाय टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एडीएस७८४६ या चिपमध्ये फार सुंदर आहे. दोन मोजण्यांच्या मधल्या काळात चिप एका थराला जमिनीशी (ग्राउंडशी, म्हणजे शून्य व्होल्टला) जोडते आणि दुसऱ्या थराला सुमारे ५० हजार ओहमच्या मोठ्या रोधातून वरच्या व्होल्टेजला. दोन्ही थर वेगळे आहेत तोवर सर्किट अपुरंच राहतं, म्हणून या वाटेने करंट वाहतच नाही. कुणी दाबलं की थर टेकतात, सर्किट पूर्ण होतं, वरचा थर जमिनीच्या पातळीवर ओढला जातो आणि इंटरप्टच्या तारेवरचं व्होल्टेज खाली येतं. दाबलेलं असतानाही या वाटेने ७० मायक्रोअँपिअरच्या आतच करंट वाहतो. म्हणजे इथे पहारा देणारं कुणी नाहीच. बोटच स्विच बनतं आणि वाट पाहण्याचा खर्च जवळजवळ शून्य होतो.

या उपायाला काही पथ्यं आहेत. ती पाळली नाहीत म्हणून किती जणांनी पॅनेलला खराब ठरवलं असेल! चिपला मोजणीची शेवटची आज्ञा देताना तिच्यातल्या झोपेच्या दोन बिटांपैकी पीडी० हा बिट शून्य ठेवावा लागतो, नाहीतर इंटरप्टची सोय चालूच होत नाही. मोजणी चालू असताना तीच तार आपोआप खाली-वर होऊ शकते, म्हणून तेवढा वेळ प्रोसेसरने तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. शिवाय इंटरप्ट फक्त बोट टेकल्याचं सांगतो, बोट कुठे सरकतंय हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे प्रोसेसर उठल्यावर दर १० मिलिसेकंदांनी जागा वाचत राहायचं, बोट उचललं गेलं की इंटरप्ट पुन्हा चालू करायचा आणि झोपायचं. थोडक्यात, पोलिंग पूर्णपणे जात नाही, ते बोट टेकलेलं असतानाच्या वेळापुरतं उरतं.

स्पर्शाने चालणारे पॅनेल

फोनची काच दाबावी लागत नाही, बोट टेकलं तरी पुरतं. या कपॅसिटिव्ह पद्धतीची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधले ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये ती मांडली, विमानांच्या वाहतूक नियंत्रणासाठी. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या संशोधन संस्थेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी तिथल्या मोठ्या प्रवेगकाच्या नियंत्रण कक्षासाठी १६ ठरावीक बटणांचा असा पडदा तयार केला. ही यंत्रं भिंतीतल्या विजेवर चालत, त्यामुळे विजेच्या काटकसरीचा प्रश्नच नव्हता. २००७ मध्ये आयफोन आल्यानंतर हे तंत्र खिशात पोहोचलं आणि प्रत्येक मिलिअँपिअरचा हिशोब सुरू झाला.

काचेखाली पारदर्शक आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी असते. मोजण्याच्या पद्धती दोन. पहिलीत प्रत्येक पट्टीचा स्वतःचा कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजतात. बोट जवळ आलं की आपल्या शरीरामुळे ती वाढते. दुसरीत आडव्या पट्टीवर सिग्नल सोडतात आणि तिला छेदणाऱ्या उभ्या पट्टीवर तो किती उतरला ते पाहतात. बोट आलं की सिग्नलचा थोडा भाग शरीरातून निघून जातो आणि उतरणारा सिग्नल कमी होतो. मोजायच्या गोष्टी फार बारीक आहेत. एका छेदाचा कपॅसिटन्स पिकोफॅरडच्या घरातला, आणि बोटाने पडणारा फरक त्याचाही लहानसा अंश. एक पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग.

समजा, ३० आडव्या आणि १६ उभ्या पट्ट्या आहेत. पहिल्या पद्धतीत ४६ मोजण्या पुरतात, दुसरीत छेद ४८०. पहिली स्वस्त आहे, पण दोन बोटं टेकली की फसते: कोणत्या दोन आडव्या आणि कोणत्या दोन उभ्या पट्ट्यांवर काहीतरी आहे एवढंच ती सांगते. त्यातून चार जागा निघतात, त्यातल्या दोन खऱ्या आणि दोन भुताटकीच्या. दुसरी पद्धत दहाही बोटं वेगवेगळी दाखवते, पण काम दहापट.

सगळी काटकसर याच फरकावर उभी आहे. कुणी आहे का, हा प्रश्न स्वस्त आहे. कुठे आहे, किती बोटं आहेत, कुठल्या दिशेला निघाली आहेत, हे प्रश्न महाग. म्हणून बोट नसताना कंट्रोलर, म्हणजे पॅनेल सांभाळणारी चिप, फक्त स्वस्त प्रश्न विचारतो, तोही सेकंदाला मोजक्या वेळा. अनेक पट्ट्या एकत्र जोडून त्यांची एकच मोठी पट्टी केल्यासारखी मोजणी करण्याची सोयही काही कंट्रोलरमध्ये असते, मग ४६ मोजण्यांचीही गरज पडत नाही. काहीतरी जाणवलं की तो पूर्ण जाळी मोजायला घेतो आणि सेकंदाला ६०, १२० किंवा त्याहूनही जास्त वेळा मोजतो. बोट गेल्यावर थोडा वेळ वाट पाहून परत सुस्त होतो.

हा कंट्रोलर म्हणजे वेगळा छोटा संगणकच आहे. गुडिक्स, फोकलटेक, सिनॅप्टिक्स अशा कंपन्या या चिप बनवतात. मोजलेल्या आकड्यांतून बोट नसतानाची पातळी वजा करणं, शिखरं शोधणं, शेजारच्या छेदांच्या आकड्यांची भारित सरासरी काढून अचूक जागा ठरवणं, मघाचं बोट आणि आत्ताचं बोट एकच आहे हे ओळखणं, तळहात टेकला असेल तर तो गाळणं, ही सगळी कामं तोच उरकतो. पट्ट्यांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर असूनही बारीक रेघ गुळगुळीत काढता येते ती या सरासरीमुळे. शेवटी मुख्य प्रोसेसरकडे जाते फक्त एक छोटी चिठ्ठी: बोटाचा क्रमांक, आडवी जागा, उभी जागा. काही कंट्रोलरमध्ये एका बोटाची माहिती ६ बाइटांत मावते.

या कामवाटणीने किती फरक पडतो ते पाहा. ४८० छेदांचे कच्चे आकडे प्रत्येकी २ बाइटांचे धरले आणि सेकंदाला १२० वेळा मुख्य प्रोसेसरकडे पाठवले, तर सेकंदाला १,१५,२०० बाइट होतात, शिवाय ते चाळण्याचं काम वेगळं. छोट्या चिपने काम केलं तर एका बोटासाठी ७२० बाइट पुरतात, आणि बोट नसेल तर एकही नाही.

आता रात्रीचा हिशोब. आकडे मी सोयीसाठी धरतोय, पण प्रमाण लक्षात येईल. मुख्य प्रोसेसर पोलिंगसाठी जागा ठेवला आणि तो सरासरी १०० मिलिअँपिअर घेतोय असं धरलं, तर ८ तासांत ८०० मिलिअँपिअर-तास गेले. ५००० च्या बॅटरीचे १६ टक्के! प्रोसेसर झोपवून फक्त कंट्रोलर पूर्ण वेगाने ८ मिलिअँपिअरवर चालवला, तर ६४. तोच कंट्रोलर सेकंदाला २० वेळा, दर वेळी १ मिलिसेकंद जागा होत असेल, तर तो २ टक्के वेळच जागा आहे. सरासरी ०.१६ मिलिअँपिअर, आणि रात्रभरात सव्वा मिलिअँपिअर-तासाच्या आसपास. झोपेतला स्वतःचा किरकोळ खर्च धरला तरी सकाळी बॅटरीच्या टक्क्यांत काही दिसणार नाही.

मग सेकंदाला दोनदाच का तपासू नये? कारण चपळ टकटकीत बोट काचेवर एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ असतं. तपासण्यांमधलं अंतर त्यापेक्षा मोठं झालं की बोट येऊन गेलेलंही कळणार नाही. २० वेळा तपासलं तर अंतर ५० मिलिसेकंद, आणि पहिली टकटक बहुतेकदा सापडते. ती सापडल्यावर कंट्रोलर लगेच वेग वाढवतो, म्हणून दुसरी निसटत नाही. फोन झोपलेला असताना पहिला स्पर्श किंचित उशिरा लागू होतो आणि नंतर सगळं झटपट चालतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

अजून एक पायरी आहे. स्क्रीन बंद असताना प्रत्येक स्पर्शाला इंटरप्ट दिला, तर खिशातला फोन दिवसभर उठत राहील. म्हणून दोन टकटकी ठरलेल्या वेळात झाल्या का, जवळजवळ त्याच जागी झाल्या का, स्पर्श बोटाएवढाच होता का, हे निर्णयही कंट्रोलरच घेतो. सगळं जुळलं तरच मुख्य प्रोसेसरला हाक. एका चुकीच्या हाकेत स्क्रीन उजळते, प्रोसेसर पूर्ण जागा होतो, आणि पुन्हा झोपेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात हजारो स्वस्त तपासण्यांचा खर्च होऊन जातो. त्यामुळे चुकीची हाक टाळणं हे तपासणी स्वस्त करण्याइतकंच महत्त्वाचं आहे, किंबहुना मी त्याला जास्त महत्त्व देईन.

चुकीच्या हाका

आपल्याकडच्या पावसाळ्यात याची परीक्षाच असते. पाण्याचा सुटा थेंब बोटासारखा वागत नाही. बोट शरीराशी जोडलेलं असल्यामुळे सिग्नल ओढून घेतं, तर एकटा थेंब दोन पट्ट्यांमधला सिग्नल उलट वाढवतो. म्हणजे बदलाची दिशाच विरुद्ध. दोन्ही मोजणी-पद्धतींचे आकडे शेजारी ठेवले की कंट्रोलरला थेंब आणि बोट यांतला फरक बऱ्यापैकी कळतो. अवघड होतं ते ओल्या काचेवर ओलं बोट टेकलं की. पाणी आणि बोट एकत्र येऊन एक मोठा डाग तयार होतो आणि त्याचा मध्य बोटाखाली असेलच असं नाही. भर पावसात फोन हवा तो नंबर न लावता भलताच लावतो तो यामुळे. बाहीला का होईना, काच पुसून मग बोट लावणं हाच खरा उपाय.

दुसरा त्रास हलक्या चार्जरचा. त्याच्यातला विद्युत-गोंगाट शरीर आणि बोटामार्फत पॅनेलमध्ये शिरतो आणि बोट एका जागी असूनही खूण उड्या मारते. कंट्रोलर मग सिग्नलची वारंवारता बदलून शांत जागा शोधतो आणि एकाच छेदाची अनेकदा मोजणी करून सरासरी घेतो. जास्त मोजण्या म्हणजे जास्त वीज, पण अशा वेळी फोन चार्जरलाच लावलेला असतो, त्यामुळे ती उधळपट्टी चालून जाते.

तिसरी गोष्ट तापमान. गाडीतल्या एसीतून बाहेर उन्हात आलं की बोट नसतानाचे आकडेही सरकतात. कंट्रोलर ही मूळ पातळी हळूहळू जुळवत राहतो, सुस्त असतानाही अधूनमधून. फार भराभर जुळवली तर एका जागी स्थिर ठेवलेलं बोटच ‘मूळ’ समजलं जाईल, फार सावकाश जुळवली तर बोटाशिवाय स्पर्श दिसेल. शिवाय स्पर्श मानायची पातळी आणि स्पर्श संपला म्हणायची पातळी मुद्दाम वेगळ्या ठेवतात, म्हणजे सीमेवरचा आकडा डगमगला तरी बोट टेकलं-उचललं असा घोळ होत नाही.

पुढे ऑपरेटिंग सिस्टिमही हात आखडता ठेवते. लिनक्समध्ये बोटाच्या नोंदींतून फक्त बदललेली माहिती पुढे जाते. अँड्रॉइड दोन चित्रचौकटींच्या मधल्या हालचाली गोळा करून ॲपला एकदमच देतं, आणि चित्र काढण्याच्या ॲपला हवे असतील तर मधले बिंदूही त्यात मिळतात. स्वतःच्या फोनवर हे पाहायचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. स्क्रीनच्या वरच्या कडेला आकडे दिसतील. ओल्या बोटाने आणि कोरड्या बोटाने, चार्जर लावून आणि काढून करून पाहा.

स्वतः काही बनवणाऱ्यांसाठी शेवटी थोडं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत २.८ इंची डिस्प्लेचे जे बोर्ड मिळतात, त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर टचसाठी एक्सपीटी२०४६ ही चिप असते. वर सांगितलेल्या एडीएस७८४६ सारख्याच आज्ञा तिला चालतात आणि तिच्या इंटरप्टची पिनही बोर्डवर बाहेर काढलेली असते. नमुन्याच्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये ती पिन मोकळीच सोडून पोलिंग केलेलं दिसतं. ती जोडा, एवढं मी आग्रहाने सांगेन.

डिस्प्ले नको, नुसतं स्पर्शाचं बटण हवं असेल तर हौशी लोकांच्या आवडत्या ईएसपी३२ या चिपमध्ये स्पर्श ओळखणाऱ्या १० पिना आहेत. चिप गाढ झोपेत असतानाही तिचं स्पर्शाचं सर्किट स्वतःच मोजत राहतं आणि आकडा ठरवलेल्या पातळीपलीकडे गेला की प्रोसेसरला उठवतं. पिनेला तांब्याच्या पत्र्याचा तुकडा जोडला तरी काम होतं. मूळ ईएसपी३२ वर स्पर्श झाला की आकडा कमी होतो, तिच्या एस२ आणि एस३ या नव्या आवृत्त्यांवर मात्र वाढतो. जुना प्रोग्रॅम नव्या बोर्डवर चालवताना ही तुलना उलटवायला विसरू नका.

यानंतर मल्टिमीटरने करंट मोजलात आणि तो तरीही कित्येक मिलिअँपिअर दिसला, तर प्रोग्रॅम बदलण्याआधी बोर्डकडे पाहा. डिस्प्लेचा बॅकलाइट चालू राहिला असेल तर तो एकटाच कितीतरी मिलिअँपिअर खातो. त्यानंतर पाहा पॉवरचा छोटा एलईडी, यूएसबीची चिप आणि व्होल्टेज रेग्युलेटर. बॅकलाइट एका ट्रान्झिस्टरमार्फत बंद करा, एलईडी काढून टाका आणि बॅटरीवर चालवायच्या कामासाठी कमी करंट खाणारा रेग्युलेटर निवडा. मग पुन्हा मोजा, आणि या वेळी मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावून. पण प्रोसेसर जागा असताना त्याच रेंजवर मोजू नका. त्या रेंजला मीटरचा स्वतःचा रोध मोठा असतो, त्यामुळे प्रोसेसर उठताच त्याला व्होल्टेज कमी पडतं आणि तो पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो.